दिवसा ओरडणारा रातकिडा

१

भिकन गेल्याला चोवीस दिवस झाले होते आणि त्याच्या मरणाला कोण जबाबदार, ते टाइप होऊन तयार होतं. तीन सह्या लागत होत्या. दोन झाल्या होत्या. तिसरी, विजेचे जाणकार म्हणून वसाहतीने बोलावलेल्या निवृत्त दत्तू गायधनींची.

"करा साहेब," चेअरमन पुंजाआप्पांनी पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं. "सोमवारी पोलिसांना द्यायचाय अहवाल. एकदा हे निस्तरलं म्हणजे सुटलो."

घोटीच्या पुढे इगतपुरी रस्त्याला लागून ही लहानशी सहकारी वसाहत. कारखाने तीन. पुंजाआप्पांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, महेश कोठावद्यांचा टोमॅटो सॉसचा आणि अक्काबाईंची भात गिरणी. तिघांत मिळून एक ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या शेजारच्या खोलीत, वीज वाया जाऊ नये म्हणून लावलेलं कपॅसिटरचं पॅनल. जानेवारीत एका मंगळवारी, भर दुपारी, ते पॅनल फुटलं. वसाहतीचा इलेक्ट्रिशियन भिकन तेव्हा त्याचं दार उघडत होता.

दत्तूंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"वाचताय?" महेशशेठ हसले. ते वसाहतीचे व्हाइस चेअरमन. "आम्ही दोघांनी वाचलंय की."

"मग मी पण वाचतो."

विजेची लय सेकंदाला पन्नासची. त्या लयीत दुसरी, जास्त वेगाची थरथर मिसळली की तिला हार्मोनिक म्हणतात, आणि ती फार झाली की कपॅसिटर आतून तापतात. अपघातानंतर नाशिकच्या शेखर आहेरच्या एजन्सीने सात दिवस यंत्र लावून मोजणी केली होती. सातपट वेगाची थरथर, म्हणजे सातवा हार्मोनिक, एकोणीस टक्के. अकरावा बारा टक्के. मोटरचा वेग बदलणारा जुना ड्राइव्ह असली थरथर करतो. तसा ड्राइव्ह वसाहतीत एकच होता, भात गिरणीत. अक्काबाईंचा मुलगा हिरामण याने तो जुन्या बाजारातून आणून स्वतः बसवला होता. सबब भिकनच्या मृत्यूस हिरामण जबाबदार.

दत्तूंनी तक्त्यावर बोट ठेवलं. "पाचवा कुठाय?"

शेखर आहेर खुर्चीत पुढे सरकला. "आहे ना सर. तीन टक्के."

"तेच विचारतोय. असला ड्राइव्ह पाचवा सगळ्यात जास्त करतो. मग सातवा, मग अकरावा. सातपूरच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मी हेच मोजलं. इथं थोरला गप्प बसलाय आणि धाकटे दोघं दंगा करतायत. असं घर मी अजून पाहिलं नाही."

"साइटवर होतं सर कमी-जास्त."

"कमी-जास्त होतं. उलटं होत नाही."

महेशशेठ मायेने बोलल्यासारखे बोलले, "काका, घरी एकटे असता, मन रमवायला काहीतरी हवं असतं, कळतं आम्हाला. पण इथं नका रमवू. सही करा, जेवायला चला."

दत्तूंनी टोपण उचललं आणि पेनाला लावलं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको मंगला गेली तेव्हा हॉस्पिटलात एका कारकुनाने असाच कागद पुढे सरकवला होता. त्यांनी न वाचता सही केली. आठवड्याने घरी फाइल उघडली, तर त्यात होतं, 'नातेवाइकांनी रुग्णास उशिरा आणले.' ते दोघं दोन तास त्याच हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. तिचा हात त्यांच्या हातात होता. आणि त्या वाक्याखाली सही त्यांची.

"सोमवारी येतो," दत्तू उठले. "तोवर ठरवतो, याच्यावर सही करायची की हा फाडायचा."

२

अक्काबाई गिरणीच्या दारात हातात सूप घेऊन उभ्या होत्या.

"आले का? माझ्या लेकाला बेडी घालायचं कागुद घिऊन?"

"कागद तपासायला आलोय, अक्का."

"कागुद बी त्यांचाच आन तपासनारं बी त्यांचंच."

"मला त्यांनीच बोलावलं, हे खरं. पण मी सही केली नाही."

अक्काबाईंनी त्यांना खालून वर पाहिलं. मग आत तोंड करून ओरडल्या, "हिरामण, खुर्ची आन. आन फडक्यानं पूस, कोंडा हाय तिच्यावर."

हिरामण पंचविशीचा, इगतपुरीला आयटीआय केलेला. तो खुर्ची ठेवून बाजूला उभा राहिला. रात्रभर झोपला नव्हता हे दिसत होतं. दत्तूंनी ड्राइव्ह पाहिला. जुना होता, पण नीट बसवला होता. पुढे थरथर दाबणारा चोक लावला होता, अर्थिंग स्वच्छ होतं.

"चोक कुणी सांगितला लावायला?"

"भिकनदादानं. म्हन्ला, जुना आनतोस तर पुढं चोक टाक, नायतर घान करील. आमी दोघांनी मिळून लावला साहेब."

दत्तूंनी सात दिवसांचा आलेख टेबलावर पसरला. सातवा हार्मोनिक रोज सकाळी नऊला वर चढत होता आणि पाचच्या सुमारास खाली येत होता.

"गिरणी किती ते किती चालते?"

"नऊ ते पाच," हिरामण म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याचा चेहरा पडला. मग तो वाकला. त्याने एका दिवसावर बोट टेकवलं. "पन ही एकोनीस तारीख हाय ना? ह्या दिशी गिरण बंद व्हती. भिकनदादाचा दहावा व्हता."

त्या दिवशीही आलेख चढलेला होता. उलट इतर दिवसांपेक्षा जास्तच.

"हे त्यांना सांगितलंस?"

उत्तर अक्काबाईंनी दिलं. "सांगितलं की! त्यो महेशशेठ काय म्हन्ला, ठावं हाय? म्हन्ला, चोरून चालवली असंल म्हातारीनं." त्यांनी सूप खाली आपटलं. "भिकन माझ्या घरी जेवायचा. माझ्या हातचं कालवन आवडायचं त्याला. कावळा शिवंस्तोवर मी उन्हात उभी व्हते नदीवर. त्याच्या दहाव्याला मी भात कांडीन व्हय? मला तुरुंगात घाला, गिरण विका, चालंल. पन ह्ये शेन मी खानार नाय."

"कारखाने तिन्ही बंद होते?"

"तिन्हीला कुलूप. त्या शेठचं बी. सारी वसाहत नदीवर व्हती."

दत्तूंनी आलेख डोळ्यांजवळ घेतला. मोटर चालू-बंद होते, भरडा कमी-जास्त पडतो, तेव्हा रेघ करवतीच्या दातांसारखी येते. ही रेघ टेकडीसारखी होती. हळूहळू चढलेली, बारा-साडेबाराला माथ्यावर, हळूहळू उतरलेली. सव्वाच्या सुमारास मध्येच एक खड्डा, दहा मिनिटांचा.

तिन्ही कारखान्यांना कुलूप, माणूस एक नाही. तरी कोणीतरी सकाळी नऊला कामाला लागलं होतं, दुपारी ऐन भरात आलं होतं आणि पाचला घरी गेलं होतं.

३

महेशशेठच्या ऑफिसात सॉसचा आंबट वास भरून राहिला होता. त्यांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली.

"विचारा काका, काय ते. माझं सगळं नवं आहे. बॉयलर नवा, मोटरी नव्या, छतावर सोलर नवं. जुनं काही असेल तर ते तिकडे, म्हातारीकडे."

"पॅनलच्या खोलीत कधी गेला होता?"

"मी? पाय ठेवला नाही कधी. ते भिकनचं राज्य."

"भिकन काही म्हणाला होता? पॅनल तापतंय, आवाज करतंय, असं काही?"

"नाही बुवा. महिना महिना आमचं बोलणं नसायचं. आला तर नमस्कार, गेला तर नमस्कार."

चहा संपवून दत्तू वसाहतीच्या मागच्या बाजूला गेले. तिथे दोन खोल्यांत भिकनची बायको रोशनी राहत होती. ती वाल सोलत बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"समद्यांनी इचारलं भांडन व्हतं का, दारू पीत व्हते का. तुमी काय इचारनार?"

"मरायच्या आधी आठ-दहा दिवस तो घरी काय बोलायचा?"

रोशनीचा हात थांबला.

"हे कोनी नाय इचारलं." तिने वाल बाजूला सारले. "म्हनायचे, पॅनलमधी रातकिडा बसलाय. मी म्हनलं, मग हुसका. तर म्हनले, ह्यो येगळाच हाय. रातकिडा रातीला ओरडतो, ह्यो दिवसा ओरडतो. दुपारी लय जोरात. सांजंला आपोआप गप."

"कुणाला सांगितलं होतं त्याने?"

"सांगतो म्हनले व्हते. कोनाला, ते नाय बोलले. आन मी तरी कोनाला सांगू? पोलिसांनी बी इचारलं नाय."

"आता माझ्याशिवाय कुणाला सांगू नकोस. सोमवारपर्यंत."

दुसरा कोणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. दत्तूंनी सोडलं नाही. त्यांच्या घरात कान मंगलाचा होता. पंख्याचं बेअरिंग जाणार, फ्रिज दम टाकतोय, हे तिला आधी कळायचं. दत्तू, विद्युत प्रयोगशाळेतला माणूस, घरी येऊन म्हणायचे, काही नाही, तुझा भास. आणि चार दिवसांनी पंखा बंद पडायचा. असं एकतीस वर्षं झालं. भिकनचा कानही तसलाच असणार, आणि त्याचा शब्द रोशनीने जपून ठेवला होता.

एसटीच्या खिडकीशी बसून त्यांनी विचार केला. सातवा हार्मोनिक म्हणजे सेकंदाला साडेतीनशेची थरथर. ती ऐकू आली तर जाड गुरगुर ऐकू येते, भुंग्यासारखी. रातकिड्याचा आवाज त्याच्या कितीतरी पट बारीक. हजारांत.

म्हणजे पॅनलमध्ये जे ओरडत होतं ते अहवालात नव्हतं. आणि अहवालात जे होतं ते पॅनलमध्ये नव्हतं.

४

शेखर आहेरची एजन्सी नाशिकला द्वारका चौकात, एका टायरच्या दुकानाच्या वर होती. दत्तूंच्या घरापासून चालत दहा मिनिटं. शनिवारी सकाळी शेखर बाहेर गेलेला पाहूनच ते जिना चढले. वर वेदिका होती. घोटीची मोजणी तिनेच केली होती. इंजिनिअर होऊन दोन वर्षं झालेली, बोलायला चटपटीत.

"सर, मोजणीत चूक नाहीये. मी रोज जाऊन बघत होते."

"चूक आहे म्हटलंय का मी? यंत्र दाखव."

तिने बॅग उघडली. रेकॉर्डर, तारेभोवती लावायचा क्लॅम्प, केबली. तळाशी एक करडा डबा, वीतभर लांब.

"हा अँटी-एलियासिंग फिल्टर ना?"

"हो सर. क्लॅम्प आणि रेकॉर्डरच्या मध्ये जोडायचा. रेकॉर्डरला जेवढं झेपत नाही तेवढं जलद सगळं हा बाहेरच अडवतो."

"घोटीला जोडला होता?"

"हो. अहवालात लिहिलंय ना."

"अहवालात काय लिहिलंय ते मी वाचलं. तू जोडलास का?"

वेदिका केबली गुंडाळू लागली. दत्तूंनी डबा खिडकीशी नेला. वरच्या बाजूला हळदकुंकवाची बोटं उमटली होती. हळद ओली लावलेली असावी. ती ओघळून सॉकेटच्या तोंडावर आली होती आणि तिथेच वाळून तिची खपली झाली होती. खपलीत झेंडूची एक पाकळी चिकटली होती. खपलीला तडा नव्हता.

"खंडेनवमीची पूजा?"

"हो सर. मीच केली होती."

"नवमी ऑक्टोबरात झाली. घोटीची मोजणी जानेवारीत. या सॉकेटात जानेवारीत पिन गेली असती तर ही हळद राहिली असती का, वेदिका?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती सरळ उभी राहिली.

"नाही सर. डबा जोडला नव्हता."

"कधीपासून?"

"नवमीपासूनच. सगळी यंत्रं पाटावर मांडली होती. आमच्या सरांचा दंडक आहे, पूजेला मांडलेलं दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायचं नाही. मागे एकदा उचललं होतं तर त्याच आठवड्यात सरांचा अपघात झाला, तेव्हापासून ते फार पाळतात. रेकॉर्डर दुरुस्तीला गेला होता, तो नेमका त्या दिवशी अकराला कुरिअरने आला. म्हणून तो पूजेत नव्हता. डबा होता. आणि तेवढ्यात अर्जंट फोन आला. सरांनी डब्याऐवजी एक सरळ केबल तयार केली आणि गेले."

"आणि दसऱ्यानंतर?"

"केबल बॅगेतच राहिली. रीडिंग येत होतं, साध्या मीटरशी जुळत पण होतं. कोणाला काही वाटलं नाही. फिल्टर जोडल्याचं वाक्य अहवालात छापीलच असतं सर. पुसायचं राहून गेलं." तिने नाक पुसलं. "घोटीच्या मोजणीनंतर मी सरांना या डब्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, आता बोललीस तर एजन्सी बंद."

"तो अर्जंट फोन कुणाचा होता?"

वेदिकाने जिन्याकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं.

"महेश कोठावद्यांचा," ती म्हणाली. "त्यांच्या सोलरच्या इन्व्हर्टरमधला फिल्टर जळाला होता."

५

सोमवारी सकाळी दहाला दत्तू आणि वेदिका पॅनलच्या खोलीत होते. फुटलेलं पॅनल बाजूला काढलं होतं, भिंत अजून काळी होती. हिरामणला त्यांनी गिरणी बंद ठेवायला सांगितलं होतं. तो दारात उभा राहून पाहत होता.

"सरळ केबल लाव. जानेवारीत लावली होतीस तशीच."

पडद्यावर साडेतीनशेला उंच काठी उभी राहिली. सातवा हार्मोनिक. त्याच्या पुढे साडेपाचशेला दुसरी, अकरावा.

"गिरण तर बंद हाय!" हिरामण म्हणाला.

"ऐक, तुला सांगतो. समज, गेटवर वॉचमन आहे. तो तासातून एकदाच डोळे उघडतो. एक टेम्पो वसाहतीला चकरा मारतोय, एक चक्कर पंचावन्न मिनिटांत. वॉचमन दर तासाला बघतो तर टेम्पो मागच्या वेळेपेक्षा थोडासाच पुढे सरकलेला. दिवसभर बघून तो शपथेवर काय सांगेल?"

हिरामण विचारात पडला. "सांगंल, बैलगाडी हाय. लय हळू चाललीय."

"बरोबर. वॉचमन खोटं बोलत नाही. त्याला दिसलं तेच सांगतो. हा रेकॉर्डर सेकंदाला तीन हजार दोनशे वेळा डोळा उघडतो. त्याच्या निम्म्यापर्यंतचं, सोळाशेपर्यंतचं, त्याला खरं दिसतं. त्याच्यावरचं काही आलं तर दिसत नाही असं तो म्हणत नाही, खाली दुमडून बैलगाडी करून दाखवतो. म्हणून तो डबा पाहिजे. डबा टेम्पोला गेटवरच अडवतो."

"मंग ह्यो टेम्पो का बैलगाडी, कळायचं कसं?"

"वॉचमनची झोप बदलायची. वेदिका, चार हजार कर."

तिने आकडा बदलला. खरा सातवा असता तर काठी साडेतीनशेलाच राहिली असती. ती तिथून उठली आणि अकराशे पन्नासला जाऊन उभी राहिली. दुसरी तेराशे पन्नासला.

वेदिकाने मोबाइलवर वजाबाकी केली. मग पुन्हा केली. "तीन हजार दोनशेतून साडेतीनशे गेले, दोन हजार आठशे पन्नास. चार हजारातून अकराशे पन्नास गेले, दोन हजार आठशे पन्नास. सर, दोन्हीकडून एकच येतंय! आणि दुसरीचे दोन हजार सहाशे पन्नास."

"दोघांच्या मधोमध काय?"

"दोन हजार सातशे पन्नास."

"फिल्टर नसलेला इन्व्हर्टर असाच असतो. तो ज्या वेगाने आत स्विच उघडझाप करतो, त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभरावर त्याची घाण पडते. आता डबा लाव."

वेदिकाने डबा हातात घेतला. कपाळाला लावला. मग नखाने खपली काढली, पाकळी खिशात ठेवली आणि पिन आत ढकलली.

दोन्ही काठ्या आडव्या झाल्या. पडद्यावर काही उरलं नाही.

दत्तू बाहेर येऊन महेशशेठच्या छताकडे बघत उभे राहिले. पत्र्यावर सोलरच्या पाट्या उन्हात लखलखत होत्या. त्यांना चालू करायला माणूस लागत नव्हता, दहा मिनिटं थोपवायला एक ढग पुरत होता, आणि दहाव्याला नदीवर जायला त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

६

दुपारी तीनला ऑफिसात सगळे जमले. पुंजाआप्पा, महेशशेठ, शेखर, वेदिका. अक्काबाई आणि रोशनी दारालगत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. दत्तूंनी म्हटलं, तेव्हा अक्काबाई म्हणाल्या, "उभ्यानं ऐकू."

दत्तूंनी सगळं सांगितलं. पाचवा कसा नव्हता, एकोणीस तारखेची टेकडी, डब्यावरची हळद, सकाळची मोजणी. शेखर आहेर मान खाली घालून ऐकत होता. दोनदा वेदिकाकडे रागाने पाहिलं त्याने. तिने नजर वळवली नाही.

"नवमीच्या दिवशी दोन फिल्टर गेले," दत्तू म्हणाले. "एक तुझ्या यंत्राचा, शेखर. दुसरा यांच्या इन्व्हर्टरचा. तो जळाला होता, तर तू काय केलंस?"

"तात्पुरता बायपास केला सर. फिल्टर वगळून तारा सरळ जोडल्या." शेखर म्हणाला. "मी शेठना सांगितलं होतं, आठ दिवसांत नवा टाका. आणि त्या दिवशी मोजलं तर सातवा दिसला. मला खरंच वाटलं की गिरणीचा आहे. आईशप्पथ सर, मला गिरणीचाच वाटला."

"त्या दिवशी तू चुकलास. जानेवारीत वेदिकाने विचारल्यावर तू तिचं तोंड बंद केलंस. ते वेगळं लिहीन."

"एक मिनिट," महेशशेठनी हात वर केला. "बायपास झाला असेल, ते टेक्निकल. मला त्यातलं काय कळतं? इन्व्हर्टर चालत होता, वीज देत होता. त्याच्याने माणूस मरेल हे मला स्वप्नात तरी दिसणार होतं का?"

"कपॅसिटर जलद थरथर पाण्यासारखी पितो. जितकी जलद, तितकी जास्त. तीन महिने ते पॅनल तुमच्या छताची घाण पीत होतं. ते आतून शिजत होतं आणि ओरडून सांगत होतं. भिकनने ते ऐकलं आणि एका माणसाला जाऊन सांगितलं. तो माणूस कोण, एवढंच मला हवंय."

"आता घ्या!" महेशशेठ पुंजाआप्पांकडे वळून हसले. "एवढे शिकलेले साहेब, आणि रातकिड्यावरून माणसाला फासावर देणार!"

पुंजाआप्पा हसले नाहीत. "कसला रातकिडा?"

"अहो, तेच... आत्ता साहेब म्हणाले ना."

"मी रातकिडा म्हटलं नाही," दत्तू म्हणाले. "ओरडत होतं, एवढंच म्हटलं."

महेशशेठनी शेखरकडे पाहिलं, मग वेदिकाकडे. दोघांनाही तो शब्द ठाऊक नव्हता, त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

रोशनी भिंत सोडून पुढे आली. टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"त्यो शबुद माझ्या घरातला हाय, शेठ. आमी दोघंच बोलायचो. ते गेल्यावर मी फकस्त ह्या साहेबांना सांगितला. तुमाला कोनी सांगितला?"

खोक्यांच्या कारखान्यातल्या कातरीचा खटखट आवाज तेवढा येत होता.

"सोमवारीच सांगितला असंल," रोशनी म्हणाली. "मंगळवारी ते गेले. सोमवारी आले तवा जेवले नायत. म्हनले, शेठ हसला मला. कशावरनं, ते आज कळलं."

"मी म्हटलं बंद करू रविवारी," महेशशेठ टेबलाकडे बघत बोलले. "सीझन होता. भर उन्हात सोलर बंद कसं ठेवायचं? पाच-सहा दिवसांत काय होणार होतं, मला काय माहीत? त्याने उघडायलाच नको होतं दार."

"त्यो उघडनारच व्हता," अक्काबाई भिंतीपाशीच उभ्या राहून म्हणाल्या. "त्याचं कामच व्हतं ते. तुमचं काम व्हतं ते तुमी केलं नाय."

पुंजाआप्पांनी टाइप केलेला अहवाल उचलला, आपल्या सहीकडे एकदा पाहिलं आणि त्याचे चार तुकडे केले. कोरा कागद घेतला. दत्तू सांगत गेले आणि ते लिहीत गेले. मध्ये महेशशेठ उठले, तेव्हा पुंजाआप्पांनी मान वर न करता सांगितलं, "बस महेश. तुझा बाप आणि मी एका ताटात जेवलोय. मला उठायला लावू नकोस."

महेशशेठ बसले.

"झालं," शेवटी पुंजाआप्पा म्हणाले. "हिरामणचा काही संबंध नाही, असं लिहिलंय, अक्का. मोकळा झाला तो."

"आन एकोनीस तारीख?"

"ती कशाला आता? मोकळा झाला म्हटलं ना."

"त्यो मोकळा झाला. माझं काय? ह्या मानसानं साऱ्या गावाला सांगितलं का म्हातारीनं भिकनच्या दहाव्याला गिरण चालवली. ते हवेत ऱ्हाईल, आन मी मेल्यावर बी ऱ्हाईल. लिवा. एकोनीस तारखेला अक्काबाईची गिरण बंद व्हती."

पुंजाआप्पांनी दत्तूंकडे पाहिलं. दत्तू म्हणाले, "लिहा. तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे."

पुंजाआप्पांनी लिहिलं. अक्काबाईंनी ते मोठ्याने वाचून घेतलं, एकदा त्यांच्याकडून आणि एकदा वेदिकाकडून, आणि मगच त्या पायरी उतरल्या. बाहेर हिरामण उभा होता. त्याच्या पाठीत त्यांनी एक धपाटा घातला. "उभा काय ऱ्हायलास? पन्नास पोती पडलीत. चालू कर."

चार वाजता पोलिसांची जीप वसाहतीत शिरली. हवालदार उतरला, हातातल्या चिठ्ठीवरचं, जुन्या अहवालावरून आधीच कळवलेलं नाव वाचलं आणि गिरणीच्या रोखाने निघाला. अक्काबाई वाटेत येऊन उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, केसांत कोंडा, आणि मागे गिरणीचा पट्टा वेग घेत होता.

"हिरामण इथंच राहतो का?"

"इथंच ऱ्हातो. पन त्याला येळ नाय, भात कांडतोय," अक्काबाई म्हणाल्या. "तुमचं मानूस तिकडं ऑफिसात बसलंय, साहेब. चला, मी दावते."

आणि हवालदार काही बोलायच्या आत त्या पुढे चालू लागल्या.